स्वयंभू अविभाज्य संख्या

एखाद्या धन पूर्णांकात त्याच्या अंकांची बेरीज मिळविली असता येणाऱ्या संख्येस जनित संख्या व मूळ पूर्णांकास तिचा जनक म्हणतात. उदा., ५३ + ५ + ३ = ६१; म्हणून ५३ हा ६१ चा जनक होय. जिला एकही जनक नाही ती स्वयंभू संख्या आणि ती अविभाज्य असल्यास स्वयंभू अविभाज्य संख्या होय. १०० च्या आत ३, ५, ७, ३१, ५३ व ९७ या सहाच अशा संख्या आहेत. याउलट १०१ या अविभाज्य संख्येस ९१ व १०० असे दोन जनक आहेत.

ही कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४९ मध्ये मांडली. त्यांचा जन्म डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३०–६२ या काळात ते नासिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक होते. स्वयंभू संख्यांवरील पुस्तिका त्यांनी १९५९ व १९६३ मध्ये तेथूनच स्वतः प्रसिद्ध केल्या. अशा संख्या अनंत आहेत, हेही त्यांनी सिद्ध केले.

व्यावसायिक गणितज्ञांना हा विषय दीर्घकाळ केवळ रंजनाचा वाटला. त्यास कारणही होते. संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली, तरी तिची अविभाज्यता बदलत नाही. स्वयंभूत्व मात्र लेखनपद्धतीवर अवलंबून असते. दशमान पद्धतीत स्वयंभू असलेल्या ५३ ला द्विमान पद्धतीत ५० (११००१०) हा जनक मिळतो. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या कार्याचा परिचय करून दिल्यावर त्याची सर्वत्र दखल घेतली गेली.

स्वयंभूत्वाची तपासणी सोपी आहे. क अंकी संख्येच्या जनकाच्या अंकांची बेरीज ९क पेक्षा अधिक नसते. शिवाय कोणत्याही संख्येस व तिच्या अंकांच्या बेरजेस ९ ने भागल्यास बाकी एकच येते. त्यामुळे दर नऊ शक्यतांपैकी एकच उरते. म्हणजे जितके अंक, तितक्याच शक्यता. ९७ च्या बाबतीत वजा करावयाची बेरीज ८ किंवा १७ च असू शकते. त्यांवरून ८९ व ८० या संख्या मिळतात. परंतु त्यांच्या अंकांच्या बेरजा अनुक्रमे १७ व ८ आहेत. म्हणून ९७ ला जनक नाही.

प्रचंड संख्यांनाही हीच रीत लागू पडते. २ च्या २,४०,३६,५८३ व्या घातातून १ वजा करून मिळणारी मेर्सेन संख्या अविभाज्य असल्याचे २००४ मध्ये आढळले. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. लूकास–लेमर कसोटीने तिची अविभाज्यता ठरविण्यास दोन कोटींहून अधिक वेळा वर्ग करावे लागतात. ती स्वयंभूही असल्याचे २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखविले. येथे वजा करावयाची बेरीज फार तर आठ अंकी असल्याने सामान्यतः शेवटचे काही अंकच बदलतात; उरलेल्या अंकांची बेरीज एकदाच करावी लागते. कापरेकरांच्या निधनानंतर अठरा वर्षांनी ज्ञात झालेल्या या संख्येविषयीचा प्रश्न अशा रीतीने शालेय अंकगणिताच्या नियमांनीच हाताळता येतो.