कर्जाच्या आडोशाला लपवलेलं बक्षीस

लॉटरी लागली की माणूस नातेवाइकांच्या भीतीनं तोंड मिटून बसतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काळबादेवीत लोकांची आयकराची विवरणपत्रं भरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मला ही समजूत अर्धीच पटते. मुंबईतल्या या गुपिताला मेहुणे-भाचे कारण होतेच, पण सुवर्ण नियंत्रण कायदा, पागडी आणि १९७२ चा वित्त कायदाही तेवढेच कारण होते. एक काळ तर असा होता की ज्याला खरोखर बक्षीस लागलं तो लपायचा आणि ज्याला लागलंच नव्हतं तो पेढे वाटायचा.

या शहराला लॉटरी काही नवी नाही. फोर्टातल्या टाउन हॉलची, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीची, कल्पना १८११ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी मांडली आणि सुरुवातीचे दहा हजार रुपये लॉटरी काढून उभे केले. ते अर्थात पुरले नाहीत. काम रखडत रखडत १८३३ मध्ये संपलं आणि उरलेला खर्च सरकारनं सोसला. कलकत्त्यात तर १८१७ पासून लॉटरी कमिटीच होती आणि तिच्या पैशातून रस्ते झाले. पुढे साहेबाला उपरती झाली. १८४४ मध्ये सरकारच्या परवानगीवाचून चालणाऱ्या लॉटऱ्यांवर बंदी आली आणि १८७० मध्ये लॉटरीचं ऑफिस चालवणं दंड संहितेत गुन्हा ठरलं. त्यानंतर सुमारे शंभर वर्षं या धंद्याला उजळ माथ्यानं फिरता आलं नाही. लोकांनी जुगार सोडला असा मात्र याचा अर्थ नव्हे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडा लागायचा. ते भाव यायचे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आला, दोन वर्षांत रतन खत्रींचा आला आणि गिरणगावातला पगाराचा दिवस ओपन-क्लोजच्या हिशेबात जाऊ लागला.

सरकारला हे दिसत होतं. १९६७ मध्ये केरळनं आघाडी घेतली. तिकीट एक रुपयाचं, पहिलं बक्षीस पन्नास हजारांचं, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ ची. लोक आकडा लावणारच असतील तर तो चोरून नको, सरकारी टेबलावर लागू दे आणि तिजोरीतही चार पैसे पडू देत, असा सरळ विचार. पण लोकांना विश्वास कसा वाटावा? मटक्याच्या बुकीला गिऱ्हाईक ओळखायचं, तो आपल्याच गल्लीतला. सरकार कुठल्या गल्लीतलं? म्हणून मग हार घातलेला, चेक हातात धरून कॅमेऱ्याकडे बावरून बघणारा विजेता छापून यायला लागला. दादरला पुलाखाली किंवा परळ स्टेशनबाहेर तिकिटाच्या टेबलांवर, ‘पहिलं बक्षीस इथेच लागलं’ अशा पाट्या झळकायला लागल्या. विजेत्याला गुप्तता हवी होती आणि लॉटरीला त्याचा फोटो हवा होता. हे भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

आणि तिकिटावर तर नाव नसतंच! लोक हे विसरतात. ज्याच्या हातात तिकीट त्याचं बक्षीस. मागच्या बाजूला बारीक टायपात नियम आणि त्याखाली नाव, पत्ता, सही यांसाठी दोन-तीन रेघा. त्या रेघा कोऱ्या आहेत तोवर ते तिकीट नोटेसारखं या हातातून त्या हातात जाऊ शकतं. माझ्या गोष्टीचा सगळा जीव त्या कोऱ्या रेघांत आहे.

१९७२ पर्यंत लॉटरीचं बक्षीस आयकरातून जवळजवळ सुटलेलं होतं. अवचित येणारी आणि पुन्हा न येणारी कमाई म्हणून कायद्यानं तिला हात लावला नव्हता. म्हणजे बक्षिसाचं तिकीट हा करमुक्त, शुभ्र पांढरा पैसा. ज्या काळात उत्पन्नाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कर आणि अधिभार मिळून ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला, त्या काळात असं तिकीट म्हणजे व्यापाऱ्याच्या दृष्टीनं केवढी चीज! गादीखाली रोकड पडून आहे, ती दाखवता येत नाही. मग दलाल फिरायचे. ‘पन्नास हजारांचं तिकीट आहे ना? आम्ही त्याहून जास्त देतो, रोख. नाव नको, सही नको.’ तिकीट शेटजींकडे, रोकड गिरणी कामगाराकडे. शेटजी हिशेबात लॉटरी दाखवून मोकळे, वर देवळात अभिषेक. खरा विजेता मात्र जन्मभर गप्प, कारण आता त्याच्याकडचा पैसा काळा झालेला.

त्याला हा काळा पैसा का परवडायचा, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. चाळीतली खोली घ्यायची तर पागडी मोजावी लागे आणि १९४७ च्या भाडे कायद्यानं पागडी घेणंच बेकायदा होतं. (ती कायदेशीर झाली १९९९ च्या नव्या कायद्यानं, म्हणजे पिढ्याच्या पिढ्या ती देऊन झाल्यावर.) पागडी चेकनं कोण घेणार? पांढऱ्या पैशाला लालबागेत खोली मिळत नव्हती. सोनं घ्यावं तर १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं बिस्किटं-लगडी घरात ठेवायला बंदी. दागिने करा म्हणावं तर ते अंगावर दिसतात, आणि दिसले की झाली ना बोंब. तेव्हा ज्याला खोली हवी त्याला काळा पैसा लागायचा आणि ज्याच्याकडे काळा पैसा होता त्याला पांढरा हवा होता. दोघांची गाठ त्या तिकिटावर पडायची. नातेवाइकांपासून लपणं हा यातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग.

न्या. वांछू समितीनं १९७१ च्या डिसेंबरात काळ्या पैशावरचा अहवाल दिला. १९७२ च्या वित्त कायद्यानं लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्ते यांतली कमाई आयकराच्या व्याख्येत ओढली. शब्दकोड्यांचं नाव त्या यादीत वाचून आजही मला हसू येतं, पण तेव्हा त्यांतही मोठमोठी बक्षिसं असत. विकत घेतलेल्या विजयाचा पुरावा कोर्टात सहसा येत नाही. एकदा मात्र आला. एका बाईंनी मद्रास, बंगळूर, हैदराबाद अशा तीन ठिकाणच्या शर्यतींत लागोपाठ जॅकपॉट जिंकल्याचं दाखवलं होतं, तेही कर लागू होण्याआधीच्या काळात. जॅकपॉट म्हणजे एका दिवसातल्या पाच शर्यतींचे विजेते बरोबर सांगणं. बाईंना शर्यतींची माहिती बेताचीच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, साध्या मानवी शक्यतेचा विचार केला तरी ही तिकिटं निकालानंतर विकत घेतली असली पाहिजेत. आमच्या धंद्यात हा निकाल तोंडपाठ असतो.

मी १९७४ मध्ये एका सीएंच्या कचेरीत उमेदवारीला लागलो. तोवर कर लागू झाला होता, तरी बक्षिसावर बऱ्यापैकी वजावट मिळायची, त्यामुळे दलालांचा धंदा बसला नव्हता. एका संध्याकाळी एक बस कंडक्टर आले. रेशनकार्डाच्या घडीत प्लास्टिकच्या पिशवीत तिकीट. रक्कम मी आजही सांगणार नाही, गिऱ्हाइकाची गोष्ट आहे. पहिलं बक्षीस नव्हतं, पण आयुष्य बदलेल एवढं होतं. सरांनी वर्तमानपत्रातला निकाल समोर धरला, भिंगातून आकडे तीनदा ताडले आणि तिकीट उलटं केलं. रेघा कोऱ्या.

“कुणाकुणाला सांगितलंत?”

“मंडळींना. आणि एकानं दादरला गाठलं होतं साहेब. तो दहा टक्के वर देतो म्हणाला. रोख.”

“मग?”

“मी विचारलं, पावती देणार का? तो हसायलाच लागला.”

दिवसभर दहा-दहा पैशांची तिकिटं पंच करून देणारा माणूस. एवढे पैसे पावतीशिवाय घेणं त्याच्या हाताला जमेना, बाकी तत्त्वबित्त्व काही नसावं. सरांनी पेन पुढे केलं. कंडक्टरांनी आमच्यासमोर मागे सही केली, खाली पत्ता लिहिला, आणि लिहून झाल्यावर विचारलं, “आता हे कुणाला कळणार?” सर म्हणाले, “सरकारला. बाकी तुम्ही ठरवा.”

त्यांनी ठरवलं ते मला फार आवडलं. पांढऱ्या पैशात लालबागेत खोली नाही, म्हणून त्यांनी डोंबिवलीला ओनरशिपचा ब्लॉक घेतला. चेकनं, दस्त नोंदवून. आणि चाळीत, गावी, सासुरवाडीला सांगितलं की पतपेढीचं कर्ज काढलंय. मराठी घरात कर्जासारखं दुसरं पांघरूण नाही. कर्जबाजारी माणसाकडे कुणी उसने मागत नाही, त्याचा कुणी हेवा करत नाही, लग्नात आहेर कमी दिला तरी ‘बिचारा हप्ते फेडतोय’ म्हणून सोडून देतात. पण सोंग घेतलं की ते निभवावं लागतं. वर्षानुवर्षं त्यांनी नवी स्कूटरसुद्धा घेतली नाही, दिवाळीला बायकोला साडी सुतीच. एकदा तर धाकट्या भावाची मनीऑर्डर आली, दादाला हप्त्याला हातभार म्हणून! नाकारली असती तर बिंग फुटलं असतं. त्यांनी ती घेतली आणि भावाच्या मुलीच्या नावानं पोस्टात खातं उघडलं. त्या खात्याचे कागद आमच्या कचेरीतून तयार झाले. उरलेल्या रकमेची थोडी बँकेत मुदतठेव केली, थोडी युनिट-६४ या म्युच्युअल फंड योजनेत टाकली. तेव्हा सगळे तेच करायचे. त्या योजनेची खरेदी-विक्री २००१ च्या जुलैत अचानक थांबली, तोवर त्यांनी ती कधीच मोडून मुलीच्या लग्नाला वापरली होती.

जुन्या सुभाषितात लपवायच्या नऊ गोष्टी सांगितल्यात. वय पहिलं, वित्त दुसरं, आणि पुढे त्याच यादीत दानही आहे. दान लपवावं असं जुनी माणसं पुण्याच्या हिशेबानं म्हणत असतील. आमच्या काळात ते लपवायला दुसरं कारण होतं. १९५८ पासून १९९८ पर्यंत मोठी भेट दिली तर देणाऱ्यानं भेट कर भरायचा, त्याचं वेगळं विवरणपत्र. आता तो उलटा झालाय, घेणाऱ्याला कर. मात्र नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीला तो नाही. हे नातेवाईक कोण, ते कायद्यानं यादी करून दिलंय. त्यात मेहुणा आहे, मामा आहे, काका आहे. चुलतभाऊ नाही. मावसभाऊ नाही. आणि पहिल्यापासून उसने पैसे देत आलेला जिवलग मित्र तर नाहीच. त्याला वर्षात पन्नास हजारांच्या वर दिलेत की त्याला आयकर. लॉटरी लागलेल्या माणसाला मी हे सांगतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्याच्यापासून तो लपत असतो त्याला देणं सोपं, आणि ज्याला द्यावंसं वाटतं त्याला देणं महाग.

पुढची कहाणी करांचीच आहे. १९८६ मध्ये वजावटी जाऊन बक्षिसावर सरसकट ४० टक्के कर आला, मग तो ३० वर उतरला आणि आजही तेवढाच आहे, वर अधिभार-उपकर. तिकिटाला गेलेले पैसेसुद्धा वजा मिळत नाहीत. १९९८ च्या लॉटरी कायद्यानं एक आकडी लॉटरी बंद केली आणि न मागितलेलं बक्षीस राज्य सरकारचं ठरवलं. आता पॅन आणि बँक खात्याशिवाय काही हलत नाही, कापून घेतलेला कर तुमच्या नावावर दिसतो. दलालाची ती कोरी रेघ संपली. सरकारपासून लपायची सोय उरली नाही, राहिले शेजारी.

आणि शेजाऱ्यांचं काय होतं ते २०२२ च्या ओणम सोडतीत दिसलं. पंचवीस कोटींचं बक्षीस केरळच्या एका रिक्षाचालकाला लागलं. विक्रेत्याचं कमिशन आणि कर जाऊन पावणेसोळा कोटी त्याच्या वाट्याला येणार, हे साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं. थोड्याच दिवसांत तो म्हणायला लागला की ही लॉटरी लागली नसती तर बरं झालं असतं, कारण दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागलेली आणि त्याला स्वतःच्याच घरी राहता येईना. पुढच्या वर्षी केरळ सरकारनं विजेत्यांसाठी पैसा कसा सांभाळावा याचं शिबिर भरवलं, तिरुवनंतपुरमच्या गुलाटी इन्स्टिट्यूटकडून.

माझ्याकडे अजून अधूनमधून कुणीतरी येतं. मी आधी तिकिटामागे सही करायला लावतो आणि दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढायला लावतो. मग पगाराचं खातं सोडून दुसऱ्या शाखेत खातं. अधिभाराची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला, कारण कापून घेतलेल्या करात तो नेहमी येतोच असं नाही आणि मार्चनंतर नोटीस येते. बायकोला किंवा नवऱ्याला सांगायचंच, नाहीतर पुढे वारसाच्या कागदांवर बोंब होते. बाकीच्यांना काय सांगायचं ते विचारलं, तर मी त्यांना गृहकर्जाचे सध्याचे व्याजदर काय चाललेत तेवढं सांगतो. सोंग घ्यायचं तर हप्ता बरोबर सांगता आला पाहिजे.