मानवोद्भवाचे संशोधन आणि इथिओपियाचे विद्यार्थी

मानवाच्या उद्भवाचा पुरावा ज्या भूमीत सापडला, त्या भूमीतील लोकांच्या हातून त्याचा इतिहास प्रथम लिहिला गेला नाही. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात पूर्व आफ्रिकेतील संशोधन-पथकांत स्थानिक माणूस असे तो शोधक म्हणून. निबंधकर्ता म्हणून तो क्वचितच आढळे. केनियातील कामोया किमेऊ यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८४ साली तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस कवटीचा एक लहानसा तुकडा त्यांच्या नजरेस पडला आणि त्यातून सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा बहुतांश सांगाडा हाती आला. दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या चार लेखकांत मात्र किमेऊ यांचे नाव नव्हते.

नजर होती, परंतु पदवी नव्हती. अवशेषाचे स्थान ठरविण्यास शरीररचनाशास्त्र, भूविज्ञान आणि तुलनेसाठी अस्थिसंग्रह लागतो; ही साधने परदेशी विद्यापीठांत होती. इथिओपियातील हाडार येथे १९७४ साली सापडलेला ‘ल्यूसी’चा सांगाडा अभ्यासासाठी अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे नेण्यात आला आणि १९८० साली मायदेशी परतला. त्या जातीचे नामकरण १९७८ साली जोहान्सन, व्हाइट व कोपेन्स या दोन अमेरिकन व एका फ्रेंच विद्वानाने केले, तेही क्लीव्हलँडच्याच संग्रहालयाच्या नियतकालिकात.

त्याच १९७८ साली लीकी प्रतिष्ठानाने फ्रँकलिन मोशर बाल्डविन यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू केली. विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांना मानवोद्भवाशी संबंधित शास्त्रांत परदेशी उच्च शिक्षण घेता यावे आणि त्यांनी नंतर मायदेशी परतून कार्य करावे, हा तिचा हेतू होय. याच सुमारास अन्य मार्गांनीही ही वाट खुली होत होती. बर्कली येथील प्रा. डेझमंड क्लार्क यांनी इथिओपियन विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी विशेष प्रयत्न केले.

आदिस अबाबा येथे भूविज्ञान शिकलेले बर्हाने अस्फॉ यांनी बर्कलीची डॉक्टरेट १९८८ साली मिळविली. इथिओपियाच्या शासनाने १९८२ साली परदेशी पथकांची क्षेत्रीय संशोधने स्थगित केली होती. त्या दशकाच्या अखेरीस मायदेशी परतून बर्हाने यांनी देशभरातील जीवाश्मस्थळांच्या पाहणीचे नेतृत्व केले. इतिहासाचे पदवीधर योहानेस हायले-सेलासी यांनीही पुढे बर्कली येथेच उच्च शिक्षण घेतले. १९९७ साली योहानेस यांना आवाश नदीच्या मध्य खोऱ्यात सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली. १९९९ साली तिच्यावरून ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस गार्ही’ ही नवी जाती प्रसिद्ध झाली. निबंधाचे पहिले लेखक बर्हाने अस्फॉ होते. ‘गार्ही’ हा शब्दही त्याच प्रदेशातील अफार भाषेतला असून त्याचा अर्थ ‘आश्चर्य’ असा आहे. शोधक आणि नामकर्ता हे दोघेही आता एकाच देशाचे होते.

तथापि, शिष्यवृत्तीने सारा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्यास परत येण्याची अट घालणे सोपे असते. त्याच्यासाठी प्रयोगशाळा व पद सिद्ध ठेवणे कठीण असते. योहानेस यांनी २००२ पासून जवळजवळ दोन दशके काम केले ते क्लीव्हलँडच्याच संग्रहालयात. २०२१ साली ते ॲरिझोनातील मानवोद्भव-संस्थेचे संचालक झाले. त्यांचे क्षेत्रकार्य इथिओपियात चालू राहिले, परंतु पद परदेशीच राहिले.

जीवाश्म आता आदिस अबाबा येथेच जतन केले जातात, ही मोठी प्राप्ती होय. त्यांचे अभ्यासकही तेथेच स्थिरावू शकले, तरच अशा शिष्यवृत्त्यांचा मूळ हेतू पूर्णत्वास गेला असे म्हणता येईल.