वृत्तपत्रस्वातंत्र्य, पत्रकार-संरक्षण आणि राज्यसंस्था : हिंगोली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पत्रकारांचे संरक्षण हे शासनाचे कर्तव्य आहे, ही कल्पना आज जगभर मान्यता पावली आहे. तथापि ज्या प्रदेशाने राज्यसंस्थेचे दडपशाहीचे रूप अनुभवले, त्या प्रदेशाच्या इतिहासातून पाहिल्यास या कल्पनेचे मोल आणि तिच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेला हिंगोली जिल्हा हा असाच एक प्रदेश होय. १९४८ पर्यंत हा भूभाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. प्रस्तुत लेखात या परिसराच्या अनुषंगाने शासन आणि वृत्तपत्र यांच्या बदलत्या संबंधांचा आढावा घेण्यात आला आहे.

निजाम राजवटीतील वृत्तपत्रे

ब्रिटिश मुलुखात बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले. हैदराबाद संस्थानात मात्र मराठी पत्रकारितेला पुढे दीर्घकाळ मोकळी भूमी मिळाली नाही. वृत्तपत्र काढण्यास सरकारी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या फर्मानामुळे सभा-संमेलनांवरही पूर्वपरवानगीचे बंधन होते. ज्या समाजाला सभेत बोलता येत नव्हते, त्याला छापील शब्दाचाच आधार होता.

या परिस्थितीत आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्राने घेतलेला मार्ग उल्लेखनीय आहे. संस्थानात बंदी आली की ते पत्र दुसऱ्या नावाने काढले जाई व संस्थानाबाहेर छापून आत पाठविले जाई. हिंगोलीच्या दृष्टीने ही सीमारेषा दूरची नव्हती. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे वऱ्हाड, अशी स्थिती होती. एकाच भाषेच्या लोकांना नदीच्या एका तीरावर जे वाचता येई, तेच दुसऱ्या तीरावर बाळगणे हा गुन्हा ठरू शके.

शोएब उल्ला खान यांचा खून

दडपशाहीची परिसीमा १९४८ च्या ऑगस्टमध्ये झाली. शोएब उल्ला खान हे हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक होते. ते यापूर्वी ज्या 'रय्यत' पत्रात होते, ते सरकारने बंद केले होते. हैदराबादने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांच्या हिंसाचारास आळा बसावा, अशी भूमिका ते निर्भीडपणे मांडत. २१ ऑगस्टच्या रात्री कार्यालयातून घरी परतत असताना त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारा उजवा हात तोडण्यात आला आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिनाभरातच, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, संस्थान भारतीय संघराज्याच्या ताब्यात आले.

उर्दू ही संस्थानची राज्यभाषा व शिक्षणाचे माध्यम होती. त्यामुळे मराठवाड्यातील शिक्षित वर्ग उर्दू वृत्तपत्रेही वाचत असे. म्हणून हा खून केवळ राजधानीतील घटना ठरत नाही. तो धर्माच्या आधारे घडलेला संघर्ष होता, असे सरधोपट विधानही येथे टिकत नाही, कारण एका मुस्लिम संपादकाने हैदराबादच्या सामिलीकरणाचा पुरस्कार करताना प्राण गमावले. याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला व त्याच्या १९ व्या कलमाने मतस्वातंत्र्यास जागतिक मान्यता दिली.

संविधानोत्तर कालखंड

संविधानाच्या अनुच्छेद १९ (१)(क) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी दिली. १९५० मध्येच रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्राच्या वितरणाचे स्वातंत्र्य याच हमीचा भाग मानले. सीमेवरून अंक आणाव्या लागणाऱ्या प्रदेशाला या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती. मात्र हमी देणारे शासनच ती स्थगितही करू शकते, हे जून १९७५ मधील आणीबाणीने दाखवून दिले. पूर्वनियंत्रण लागू झाले, १९६६ पासूनची प्रेस कौन्सिल बरखास्त करण्यात आली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगलेले 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांना स्वतंत्र भारतातही कारावास पत्करावा लागला.

संरक्षण कायदा व त्याची कक्षा

जागतिक स्तरावर २००६ मध्ये सुरक्षा परिषदेने संघर्षग्रस्त प्रदेशांतील पत्रकारांच्या संरक्षणाविषयी ठराव १७३८ संमत केला. २०१३ मध्ये आमसभेने पत्रकारांवरील गुन्ह्यांना मोकळीक मिळू नये म्हणून २ नोव्हेंबर हा दिवस निश्चित केला. या प्रवाहाशी सुसंगत असा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१९ मध्ये अमलात आला. पत्रकारांवरील व माध्यमसंस्थांवरील हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र ठरविणे, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा आणि उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास, या त्याच्या प्रमुख तरतुदी होत.

परंतु कायद्यातील व्याख्येनुसार पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो माध्यमसंस्थेत नियमित वा करारावर नेमलेला आहे, त्यालाच 'माध्यमकर्मी' मानले जाते. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ यांसारख्या तालुक्यांमधून बातम्या पाठविणारा वार्ताहर बहुधा शेती, दुकान वा अन्य कामावर उदरनिर्वाह करतो. त्याच्याकडे नेमणूकपत्र असेलच असे नाही. वाळू, रस्त्याची कामे, रेशन यांच्या बातम्या मात्र तोच देतो आणि ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्याच गावात राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर येथे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा वाहनाखाली चिरडून झालेला मृत्यू व त्याबाबत नोंदविला गेलेला खुनाचा गुन्हा पाहता, धोका महानगरापुरता मर्यादित नाही हे उघड आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, शासनाचे पत्रकारांशी असलेले नाते या प्रदेशात बंदी, हमी आणि संरक्षण अशा तीन रूपांत प्रकट झाले. आणि आणीबाणीने दाखविल्याप्रमाणे हा प्रवास एकदिशा नव्हता. निजामाच्या काळात पत्रकाराला बंदीहुकमापासून वाचण्यासाठी नदी ओलांडावी लागे. आज कायदा आपल्याच बाजूचा असताना त्याच्या व्याख्येत बसण्यासाठी त्याला कागदपत्रे जुळवावी लागतात. म्हणून पत्रकार-संरक्षणाचे मोजमाप कायद्याच्या कठोरपणाने न करता, तो तालुक्याच्या अखेरच्या वार्ताहरापर्यंत पोहोचतो किंवा नाही, यावरूनच करणे इतिहासाशी सुसंगत ठरेल.