पणजीच्या चर्चची घंटा

आम्हा मुकुंदवाडीकरांना घंटा ठाऊक ती देवळातली, नाहीतर शाळेतली. दीपगृहात नोकरी करून आलेली घंटा मला भेटली ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची.

ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. १७५९ साली पोर्तुगालचा मंत्री पोम्बाल यानं जेझुइटांना हाकललं, ते सर्वश्रुत आहे; पण या घंटेची गोष्ट त्यानंतरची. मे १८३४ मध्ये लिस्बनच्या उदारमतवादी सरकारनं पुरुषांचे सगळेच संन्यासी संघ मोडून मठांची मालमत्ता खालसा केली. हुकूम काढणाऱ्या मंत्र्याला, आगियारला, लोकांनी 'साधुमाऱ्या' अशा अर्थाचं टोपणनाव ठेवलं. गोव्यात अंमल झाला १८३५ मध्ये. मठ ओस पडला, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं. घंटा आग्वादच्या दीपगृहाकडे गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली.

सरकारनं धर्म गुंडाळून ठेवला, असा याचा सोपा अर्थ लावतात. मला तो पटत नाही. धर्मच नको होता, तर घंटा पुन्हा चर्चवर कशाला? ती गेली धर्मप्रांताच्या पाद्र्यांकडे, आणि ते बहुतेक गोमंतकीय. पूर्वी बारदेश होता फ्रान्सिस्कन संघाचा, साष्टी जेझुइटांची. त्या संघांची दारं एतद्देशीयांना जवळजवळ बंदच. संन्याशांना घराबाहेर काढलं आणि किल्ल्या घरच्या माणसाच्या हाती आल्या, असं मी म्हणतो.

यावर एक आक्षेप चांगलाच अंगावर येतो: जुझे वाझ यांचा ओरेटोरियन संघ तर गोमंतकीयांचाच होता, तोही त्याच वर्षी मोडला! खरं आहे. पण लिस्बनचा कायदा कातडीचा रंग बघत नव्हता. त्याचा डोळा मठांच्या जमिनींवर आणि पदच्युत राजा मिगेलच्या पाठीराख्यांवर होता. गोव्यात त्याचं काय झालं, हा निराळा प्रश्न. त्याच १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिस द सिल्वा हा गोमंतकीय प्रिफेक्ट, म्हणजे मुख्य कारभारी, म्हणून आला आणि काही आठवड्यांतच बंड करून त्याला हुसकावलं गेलं. किल्ल्यांची भांडणं चालली होती ती अशी.

घंटांचे मालक याआधीही बदलले होते. मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मेणवलीसारख्या ठिकाणी देवळांत टांगल्या. मालक बदलला, देवाचं दार सुटलं नाही. पोर्तुगीजांनी मधे निदान दीपगृहाचा मुक्काम तरी घडवला.

धर्म आणि राज्य यांची खरी फारकत व्हायला १९१० चं पोर्तुगीज प्रजासत्ताक यावं लागलं. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, लग्नाची नोंद सरकारी वहीत होऊ लागली, आणि एप्रिल १९११ मध्ये फारकतीचा कायदा झाला.