आधार दाखवा: रमाबाईंच्या हट्टाचा मागोवा

इंग्लंडातल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात पंडिता रमाबाई १८८४ मध्ये शिकायला गेल्या. तिथे एक प्रश्न निघाला. संस्कृत उत्तम येणाऱ्या या बाईंनी तरुण इंग्रज पुरुषांना शिकवावं का? प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यात गैर दिसत नव्हतं, पण हिंदुस्थानातल्या बिशपांची मतं मागवली गेली आणि लाहोर-मुंबईहून विरोध आला. परपुरुषांना शिकवलं हे कळलं तर मायदेशी तिची पत जाईल, असा त्यांचा आक्षेप होता. रमाबाईंना बाप्तिस्मा घेऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. हाताशी पैसा नव्हता, लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, सांभाळ वाँटिजच्या मठातल्या भगिनींवर अवलंबून होता. अशा वेळी माणूस गप्प बसतो. रमाबाईंनी मात्र कळवलं, की आई आणि मी तरुणांना शिकवत होतो तेव्हा माझ्या वडिलांना त्यात वावगं वाटलं नाही, नवऱ्यालाही नाही. मग आता या मंडळींना का वाटावं?

या उत्तरातला वडिलांचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. ख्रिस्ती झालेली बाई ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांना उत्तर देताना साक्षीला काढते आपल्या वैदिक ब्राह्मण बापाला. तिच्या हट्टाचं मूळ शोधायचं तर आधी त्या बापाकडे जायला हवं.

अनंतशास्त्री डोंगरे मूळचे कर्नाटकातल्या माळहेरंजीकडचे चित्पावन. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनात घर करून बसलं. पुढे त्यांनी आपल्या दुसऱ्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. घरात कुरबुर झाली, गावात बोभाटा झाला, आणि प्रकरण उडुपीच्या माध्व पीठापर्यंत पोचलं. धर्मगुरू आणि पंडितांच्या सभेपुढे शास्त्रीबुवांना जबाब द्यावा लागला. त्यांनी माफी मागितली नाही की सभेला शिव्याशापही दिले नाहीत. त्यांनी वचनं काढून दाखवली. स्त्रियांना आणि शूद्रांना पुराणवाङ्मय शिकवायला शास्त्राची बंदी नाही, हे त्यांनी ग्रंथांच्या आधारे मांडलं. त्यांना वाळीत टाकता आलं नाही. लक्ष्मीबाई पुढे इतक्या तयार झाल्या की विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या रमाला पहाटे उठवून पुराणांचे श्लोक पाठ करून घेतले ते या आईनेच.

सनातनी माणसाने सनातनी सभेला आधार मागितला, एवढीच ही गोष्ट. तो सुधारक नव्हता, वेद त्यानेही बायकोला शिकवले नाहीत. पण ‘आम्ही सांगतो म्हणून’ हे कारण त्याच्या लेखी कारणच नव्हतं, आणि मुलीने नेमकं तेच उचललं.

दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायला सांगितले. गोषातल्या बायकांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून ती धर्मशास्त्रं मुळातून वाचू लागली. वाचता वाचता तिच्या ध्यानात आलं, की हे ग्रंथ एरवी एकमेकांशी भांडतात, पण स्त्री पापी आहे आणि तिला तिच्या बळावर मोक्ष नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. बापाने ज्या ग्रंथांच्या आधारावर सभा जिंकली, त्याच ग्रंथांनी मुलीची श्रद्धा मोडली. मला वाटतं, धर्मांतराची खरी सुरुवात इथे आहे. 

१८८० मध्ये तिने जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन वर्षांच्या आत ते पटकीने गेले. मग पुणे, आर्य महिला समाज, ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढची साक्ष, आणि १८८३ मध्ये इंग्लंड. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटिज इथे बाप्तिस्मा.

महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. पुण्याची टीका अपेक्षितच होती. ज्यांच्या घरात ती राहत होती त्यांचा दाब सोसणं अधिक कठीण होतं. वाँटिजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन तिच्यावर माया करत, तिची काळजी वाहत, आणि तिने आता आज्ञेत राहावं अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंग त्या खाईनात, तर हा जातीचा अभिमान अजून सुटला नाही, असं जेराल्डीनबाईंना वाटे. गळ्यातल्या क्रूसावर कोणती अक्षरं कोरायची यावरून वाद झाला. मठाची रीत लॅटिनची. मला लॅटिन येत नाही, माझ्या लोकांनाही येत नाही, मग आमच्या संस्कृतपेक्षा तिच्यात जास्त पवित्र काय आहे, असा रमाबाईंचा सवाल. बाहेरून बघणाऱ्याला ही बारीकसारीक कुरकुर वाटेल. पण ख्रिस्त स्वीकारणं आणि इंग्लंडच्या चर्चची प्रत्येक रीत स्वीकारणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ती त्या क्रूसावरच्या अक्षरांपाशी ठरवत होती. त्रैक्याच्या सिद्धांतावरही ती अडली. बायबलात हे कुठे लिहिलंय, हा तिचा प्रश्न. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच मान सोडवली, ती लगेच दुसऱ्याच्या हाती देणार नाही, अशा आशयाचं तिने स्पष्ट लिहिलं.

ती कुणाचं ऐकतच नसे, असं मात्र नाही. नेहेम्या गोऱ्हे हे तिच्यासारखेच चित्पावन, संस्कृतचे पंडित, नंतर ख्रिस्ती झालेले. त्यांनी इंग्लंडला पत्रं पाठवून तिच्या शंकांना मुद्द्यांनी उत्तरं दिली. बाप्तिस्म्याच्या निर्णयात त्या पत्रांचा वाटा मोठा होता हे तिने स्वतः नोंदवलं आहे. गोऱ्ह्यांच्या हातात तिच्यावर कसलाही अधिकार नव्हता. त्यांनी युक्तिवाद केला, तिला पटलं. बिशपांनी पदावरून सांगितलं, ती हलली नाही.

पुढे ती अमेरिकेला गेली, तिथेही हाच स्वभाव तिच्या कामी आला. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. वेगवेगळ्या पंथांची, अगदी त्रैक्य न मानणारी माणसंही तीत होती. वाँटिजला ते रुचण्यासारखं नव्हतं. असोसिएशनच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. अट अशी, की धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. ही माणसं शत्रू नव्हती. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली होती, हे विसरून पुढच्या वादाकडे बघता येणार नाही.

वाद झाला तो एका दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसोबत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसत. दार लावून घ्या, मुलींना मनाई करा, असा सल्ला आला. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्याला घालवणारही नाही. हिंदू मुलींना त्यांची पूजा करायला मोकळीक आहे, तशी मला माझ्या खोलीत आहे. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकरांनी मंडळ सोडलं, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. बॉस्टनहून चौकशीला आलेल्या ज्युडिथ अँड्र्यूज यांनी रमाबाईंना दोषी धरलं नाही. दुसऱ्या बाजूने मिशनरी वर्तुळात कुजबूज होतीच, की ही बाई उघडपणे धर्म का शिकवत नाही. दोन्हीकडून टीका आली आणि दोन्ही टीका एकमेकींच्या विरुद्ध होत्या.

इथे माझं मत थोडं रानड्यांच्या बाजूला झुकतं. घरापासून तुटलेल्या बालविधवेला आपल्या आधाराची बाई रोज प्रार्थना करताना दिसते, तेव्हा उघडं दार हे केवळ दार राहत नाही. सत्तेचं वजन त्यात येतंच. रमाबाई वचन मोडत नव्हत्या, पण पालकांची भीतीही अनाठायी नव्हती.

सरकारलाही तिने सोडलं नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या छावणीत बायकांची काय दशा होते ते तिने ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते धुडकावलं. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून तिने मुली आणि विधवा केडगावला आणल्या. मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथे दोनेक हजार माणसं होती. आता तटस्थतेचं बंधन नव्हतं, मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती, आणि तिथला शेवटचा शब्द रमाबाईंचा होता. ज्या मुभेसाठी त्या वाँटिजला भांडल्या, ती मुक्तीतल्या मुलींना कितपत मिळाली, हा प्रश्न त्यांच्यावर प्रेम असणाऱ्यानेही विचारायला हवा.

मुक्तीतच त्या अखेरच्या कामाला बसल्या: बायबलचं भाषांतर. मराठी बायबल आधीपासून होतं. श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी आणि नंतर अमेरिकन मिशनने केलेलं काम शंभरेक वर्षांचं होतं. पण ती मराठी खेड्यातल्या अडाणी बाईला जड जाई. नवं भाषांतर करायचं तर इंग्रजीवरून करणं त्यांना पटेना. पन्नाशीला पोचलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. उडुपीच्या सभेत बापाने मूळ वचन काढून दाखवलं होतं. लेक आता मूळ वचन स्वतःच वाचत होती, मधे कुणी बिशप नको, मिशन नको. आणि क्रूसावर संस्कृतचा आग्रह धरणाऱ्या या पंडितेने भाषांतरात जड संस्कृत बाजूला ठेवलं. मला यात विसंगती दिसत नाही. लॅटिन नाकारलं ते आपल्या लोकांना कळत नाही म्हणून, आणि पंडिती शब्दही त्याच कारणासाठी गेले.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

हा वारसा पुढे एकट्या मुक्तीकडे राहिला नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून घ्यायचा नाही असं ठरवून. अभंग आणि कीर्तन त्यांनी मराठी चर्चच्या उपासनेत रुजवलं. १९१७ मध्ये अमेरिकन मिशनपासून वेगळं होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. त्यांचं बळ शास्त्रवचनांपेक्षा तुकोबांच्या वाटेवरचं होतं, म्हणून ही शाखा वेगळी धरावी. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार टिकला नाही.

रमाबाईंचं बायबलही बहुतेक चर्चांनी स्वीकारलं नाही. टिकली ती पत्रं, आणि ती जपली सिस्टर जेराल्डीन यांनी. जिच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला तिचा एकेक कागद त्यांनी सांभाळून ठेवला, स्वतःची नाराजीची टिपणंही सोबत जोडली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो संग्रह १९७७ मध्ये इंग्रजीत छापला. रमाबाईंवर मत बनवण्याआधी, बाजूने असो की विरोधात, तो संग्रह वाचावा, आणि जेराल्डीनबाईंची टिपणं गाळू नयेत.