बांबू फुलला की दुष्काळ?

'बांबू फुलला की दुष्काळ पडतो' असे चंद्रपूर-गडचिरोलीकडे म्हणतात. ऐकणारा त्याला अपशकुन समजतो; काहींना तर बांबूच्या फुलण्यानेच पाऊस अडतो असे वाटते. हे बोलणे अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण त्यामागचा अनुभव शोधला, तर अर्थ जवळजवळ उलटा निघतो.

आधी वनस्पतीकडे पाहू. या दोन जिल्ह्यांत मुख्यतः मानवेल बांबू आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. बांबू हे गवतच आहे. धान एका हंगामात फुलते, पिकते आणि वाळते. मानवेल हेच चक्र साधारण २५ ते ४५ वर्षांत पुरे करतो. वेळ आली की मोठ्या टापूतील बेटे पाठोपाठ फुलतात, भरपूर बी गाळतात आणि मरून जातात. हे बी शिजवून खाता येते.

जुन्या नोंदी बोलक्या आहेत. १८१२ मध्ये ओरिसात बांबू फुलल्यामुळे उपासमार टळली. १८६४ मध्ये उत्तर कानड्यातील सुप्याच्या जंगलात धारवाड-बेळगावकडून सुमारे ५०,००० माणसे बी वेचायला आली. १८६६ मध्ये बंगालमधील मालद्याला तांदूळ रुपयाला १० शेर होता, तर बांबूचे बी १३ शेर मिळे.

चांदा जिल्ह्याचीही एक नोंद आहे. (आजचा गडचिरोली १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होता.) १९०० मध्ये, भीषण दुष्काळ चालू असताना, तेथील बांबूंतून गोड, चिकट रस पाझरू लागला आणि आसपासच्या लोकांनी तो खाल्ला. डेव्हिड हूपर यांनी त्याचे परीक्षण केले, तेव्हा तो मुख्यतः शर्करा निघाला. वंशलोचन वेगळे, ते सिलिकामय असते.

म्हणजे दुष्काळात बांबूने पोट भरले. दोन्हींची आठवण एकत्र राहिली आणि पुढे सोबतीलाच कारण मानले गेले असावे. शिवाय एका पिढीत बांबू एकदा फुलतो, पण अवर्षणे अनेकदा येतात. मागेपुढे एखादे सापडतेच. जुळलेले लक्षात राहते, न जुळलेले विसरते.

मिझोराममध्ये मात्र हे बोलणे वेगळ्या अर्थाने खरे ठरते. तेथील मेलोकॅना बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. त्याची फळे खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि नंतर शेतांवर तुटून पडतात. १९५९ च्या सुमारास तेथे अन्नटंचाई झाली, ती अशीच. तेथेही कारण पाऊस नव्हे, उंदीर.

आपल्याकडे खरी टंचाई येते ती बुरुडांच्या घरी, कारण जुनी बेटे मेली की नवी कामाजोगी व्हायला काही वर्षे जातात. म्हणून अपशकुन समजून फुललेली बेटे बी पडण्याआधीच तोडणे घातक आहे. बी पडू द्यावे आणि रोपांना वणवा व चराईपासून जपावे.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. गावातील वृद्धांना बांबू कधी फुलला ते विद्यार्थ्यांनी विचारावे. त्यांना वर्ष आठवणार नाही. लग्न, पूर, निवडणूक यांवरून ते काढावे. शेजारी तालुक्याच्या पावसाचे आकडे मांडावेत. मग हे बोलणे खरे की खोटे, ते तक्त्यावरूनच ठरू द्यावे.