ग्रामीण अग्निशमन सेवेचा अर्थभार व मनुष्यबळ : जिते (ता. पेण, जि. रायगड) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पनवेल-रोहा लोहमार्गावर जिते आणि पेण या दोन स्थानकांच्या दरम्यान हमरापूर हे एकच स्थानक आहे. अंतर थोडे असले तरी पेण येथे नगरपरिषद आहे व जिते येथे ग्रामपंचायत. अग्निशमनाच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो. भाताच्या पेंढ्याच्या उडव्या, लाकडी आढ्याची कौलारू घरे आणि हमरापूर-जोहे पट्ट्यातील गणेशमूर्तींचे कारखाने यांमुळे या परिसरात आगीचा धोका नित्याचा आहे. बंब मात्र बाहेरून मागवावा लागतो. ही स्थिती कशी निर्माण झाली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायद्यातील दोन शब्द

मुंबई शहरात आग विझविण्याचे काम प्रारंभी पोलिसांकडे होते. १ एप्रिल १८८७ रोजी मुंबई अग्निशमन दलाची स्थापना झाली आणि १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने ही जबाबदारी पालिकेवर आली. दुय्यम कामाचे स्वतंत्र सेवेत रूपांतर झाले ते येथे. पुढे नगरपरिषदांविषयीच्या १९६५ च्या अधिनियमाने आग विझविणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. याउलट १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील ग्रामसूचीत आग विझविण्याच्या कामी साहाय्य करणे एवढाच उल्लेख आहे. एकीकडे विझविणे, दुसरीकडे साहाय्य करणे! ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) हे अंतर अधिकच ठळक केले. नागरी संस्थांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा सातवा विषय आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तो नाही.

उद्योग आणि गाव

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आपल्या वसाहतींसाठी अग्निशमन केंद्रे उभारली. या केंद्रांमागे उद्योगांकडून मिळणाऱ्या शुल्काचे पाठबळ असते. जित्याच्या दक्षिणेस, रोहा तालुक्यातील नागोठणे येथील वायू संकुलात ५ नोव्हेंबर १९९० रोजी झालेल्या वायुगळती व स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. औद्योगिक अग्निसुरक्षेची निकड या दुर्घटनेने अधोरेखित केली. तथापि कारखान्याच्या कुंपणाबाहेरील गावांपर्यंत ती सेवा हक्काने पोहोचत नाही; पोहोचते ती सौजन्य म्हणून.

बंब आणि माणसे

अग्निशमनावरील चर्चा बहुधा बंबाच्या खरेदीपाशी थांबते. वस्तुतः खरा भार वेतनाचा आहे. एका बंबावर नायक, चालक व चार अग्निशामक असे सहा जणांचे पथक धरले, तर तीन पाळ्यांसाठी अठरा माणसे लागतात. साप्ताहिक सुट्टी व रजा गृहीत धरता हा आकडा वीसच्या पुढे जातो. घरपट्टीवर चालणाऱ्या एकट्या ग्रामपंचायतीला हा खर्च पेलणारा नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात अग्निसेवा शुल्काची तरतूद आहे; परंतु मोठ्या इमारती नसलेल्या गावात त्यातून मिळणारे उत्पन्न अल्पच राहणार. केंद्र शासनाने ४ जुलै २०२३ रोजी अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. महाराष्ट्रासारख्या राज्यांना त्यात २५ टक्के वाटा उचलावा लागतो. अशा निधीतून केंद्रे व साधनसामग्री उभी राहते. माणसांचा मासिक पगार हा प्रश्न मात्र मागे उरतो.

निष्कर्ष

ग्रामीण भागासाठी २० मिनिटांत मदत पोहोचावी, असा मापदंड देशात सांगितला जातो. तो पाळायचा तर शेजारच्या नगरपरिषदेच्या सदिच्छेवर विसंबून चालणार नाही. नगरपरिषद आपल्या करदात्यांच्या पैशातून दल पोसते. हद्दीबाहेरील प्रत्येक फेरीच्या वेळी तिची स्वतःची हद्द उघडी पडते. म्हणून पेण-हमरापूर पट्ट्यातील ग्रामपंचायतींचा गट, जिल्हा परिषद व नगरपरिषद यांच्यात लेखी करार व्हावा, वेतनाचा वाटा राज्याने नियमित अनुदानातून द्यावा आणि स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन प्रथम प्रतिसाद पथके उभारावीत, हे व्यवहार्य वाटते. मुंबईने १८८७ मध्ये जे ओळखले, ते गावांच्या बाबतीत ओळखणे अद्याप बाकी आहे : आग विझविणे ही पूर्ण वेळेची सेवा आहे आणि तिची तरतूद आग लागण्यापूर्वी करावी लागते.